मिरामारवरचं दोन दिवसांचं रग्बी वर्कशॉप : वाळूला पाच स्टार, झेरॉक्सला शून्य

फोंड्याहून पणजीला दोन दिवस अप-डाउन, खिशातले अठराशे रुपये, आणि दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार-रविवार, एवढं घालून केलेलं वर्कशॉप आहे हे, त्यामुळे रिव्ह्यू लांब होणार, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचा की सकाळची बीचवरची सेशन्स चुकवू नका आणि दुपारच्या हॉलमधल्या सेशनला उशी घेऊन जा. आयोजकांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, खाली तक्रारी आहेत आणि मला भांडण नकोय, ज्यांना कळायचं त्यांना वर्णनावरून कळेल.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा. मी हायस्कूलमध्ये पीईटी, म्हणजे पीटीचा सर आहे, जन्म फुटबॉलमध्ये गेला, गावच्या आणि इंटर-स्कूल मॅचेसना शिट्टी वाजवतो. रग्बी आमच्याकडे आली दोन वर्षांपूर्वी, सेव्हन्सवाली, म्हणजे सात-सात जण आणि सात-सात मिनिटांचे दोन हाफ. पोरांना आवडली, मला कळली नाही. पळायचं, पाडायचं, मागे पास द्यायचा इथपर्यंत ठीक, पण कोणी बॉल किक केला की माझा गोंधळ सुरू. बॉल हवेत, आमची चार पोरं पुढे, समोरच्याने हात लावला, बॉल सटकला, आमच्या पोराने उचलला आणि गेला धावत, आता शिट्टी वाजवायची की नाही? मी कधी वाजवायचो, कधी नाही, आणि खरं सांगायचं तर जो पालक जास्त ओरडेल त्याच्या उलट निर्णय द्यायचो. इंग्लंडमध्ये स्विंडनला माझा भाचा असतो, तो तिथे शाळेकडून रग्बी खेळतो, त्याला व्हॉट्सॲपवर विचारलं तर म्हणतो, मामा, ते डिपेंड्स. कशावर डिपेंड्स ते त्यालाही नीट सांगता येईना. मग व्हॉट्सॲपवरच या वर्कशॉपचं पोस्टर आलं, त्यावर ठळक लिहिलेलं, "किकनंतरचा ऑफसाइड : कायमचा गोंधळ दूर". म्हटलं हे आपल्यासाठीच छापलंय.

शनिवारी सकाळी साडेसहाला मिरामारला हजर राहायचं होतं. फोंड्याहून पहिल्या गाड्यांपैकी एक पकडली, बाणस्तारीच्या पुलावर अजून धुकं, जुन्या गोव्यापर्यंत मी झोपलोच होतो. नरकासुर जाळून चार दिवस झालेले, पण रस्त्याच्या कडेला अजून कुठे कुठे त्याचे सांगाडे आणि राख. मिरामारला पोचलो तर ओहोटी, पाण्याजवळची वाळू ओली आणि कडक, सायकल चालवता येईल अशी. हे नशीब नव्हतं, शिकवणाऱ्या मॅडमनी ओहोटी बघूनच वेळ ठरवली होती हे नंतर कळलं. तिथेच माझा पहिला मार्क त्यांना.

मॅडम पुण्याहून आल्या होत्या, स्वतः खेळलेल्या, आवाज खणखणीत, मराठी एकदम सदाशिव पेठेतली पण बॉलला हात लावला की बोलायचं ढंगच बदलायचं. आम्ही बावीस जण होतो, बरेचसे माझ्यासारखे पीटी सर, काही कॉलेजची मुलं-मुली, दोन-तीन जण नुसते हौशी. त्यात मडगांवचे एक सर होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, त्यांच्याबद्दल पुढे येईलच. ते वर्कशॉपला का आले तर चुलतभाऊ लिस्बनला असतो आणि ८ ऑक्टोबर २०२३ ला तुलूझमध्ये पोर्तुगालने फिजीला २४-२३ असं हरवलं, रग्बी वर्ल्ड कपमधला पोर्तुगालचा तो पहिलाच विजय, ती मॅच त्या चुलतभावाने फोन टीव्हीसमोर धरून यांना दाखवली, तेव्हापासून यांना रग्बीचं वेड. कारण म्हणून हे माझ्या कारणापेक्षा कितीतरी चांगलं आहे.

आता मुद्द्याचं. मॅडमनी सुरुवातीला फक्त एक वाक्य सांगितलं, रग्बीत बॉल शेवटी खेळलेल्या आपल्या माणसाच्या पुढे तुम्ही असाल तर तुम्ही ऑफसाइड, बस. फुटबॉलसारखं समोरचा शेवटून दुसरा माणूस कुठे आहे वगैरे भानगड नाही, बघायचं ते आपल्याच माणसाकडे. आणि ऑफसाइड असणं हा गुन्हा नाही, ऑफसाइड असून खेळात नाक खुपसणं हा गुन्हा. बॉल उचलला, पकडणाऱ्याला टॅकल केलं, त्याच्या वाटेत आलात, किंवा नुसतं बॉलच्या दिशेने पुढे सरकलात तरी पेनल्टी. हे ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग त्या म्हणाल्या, चला, आता बघू कोणाला किती कळलंय.

एक जण किक मारणार, एक जण समोर पकडणार, बाकीचे वाट्टेल तिथे पसरून धावणार, आणि बॉल पकडणाऱ्याच्या हाताला लागला रे लागला की शिट्टी, सगळ्यांनी होतं तिथे पुतळा व्हायचं. लहानपणी आपण स्टॅच्यू खेळायचो तसं. पहिलीच किक गेली उंच, मी किकरच्या पुढून सुसाट सुटलेलो, समोर एक कॉलेजची मुलगी बॉलखाली, तिने दोन्ही हात वर केले, बॉल तिच्या बोटांना लागून सटकला आणि माझ्या पायाशी येऊन पडला. शिट्टी. मी पुतळा, पण मनातून खूश, कारण माझ्या फुटबॉलच्या डोक्यात हिशोब एकदम क्लिअर होता.

मॅडम आल्या, विचारलं, सर, तुम्ही काय आहात?

मी म्हटलं, आधी ऑफसाइड होतो, आता मोकळा झालो, तिने मुद्दाम हात लावला ना.

"कोणी मोकळं केलं तुम्हाला?"

"तिने."

मॅडम हसल्या आणि बॅगेतून मेजटेप आणि नारळाच्या काथ्याचा दोर काढला. बॉल जिथे पडला तिथून माझ्या बाजूला, म्हणजे आमच्या गोलाकडे, बरोबर १० मीटर मोजले आणि तिथे दोर आडवा टाकला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाण्यापासून थेट वरच्या कोरड्या वाळूपर्यंत. आणि म्हणाल्या, किकच्या वेळी आपल्या किकरच्या पुढे असलेला आणि या दोराच्या त्या बाजूला असलेला प्रत्येक माणूस, त्याने लगेच मागे फिरायला हवं, दोराच्या मागे किंवा ऑनसाइड असलेल्या आपल्या कोणाच्या तरी मागे, आणि समोरच्याने बॉलला हात लावला, पाय लावला, डोकं लावलं, काहीही केलं तरी त्याची सुटका नाही. समोरचा तुम्हाला इथे सोडवू शकत नाही. सोडवलं तर तुमच्याच माणसाने, म्हणजे किकर मागून धावत तुमच्या पुढे गेला किंवा किकच्या वेळी त्याच्या मागे असलेला कोणी पुढे गेला, तर. मी होतो बॉलपासून चार मीटरवर. पेनल्टी. सपशेल.

खरी गंमत त्याच्या पुढे. मडगांवचे सर पार पाण्याच्या बाजूला, माझ्यापासून पंचवीस-तीस मीटर लांब, घोट्यापर्यंत लाटेत उभे, बॉलशी त्यांचा काडीचा संबंध नाही. मॅडमनी त्यांच्याकडे बोट केलं, तुम्हीपण. सर म्हणाले, हांव? हांव हांगा बॉलाकडेन बी ना! सगळे हसले. पण दोर बघितला तर सर दोराच्या पुढे होते. आम्हाला सगळ्यांना वाटत होतं की १० मीटर म्हणजे बॉल पकडणाऱ्याभोवती काढलेलं गोल रिंगण, लगोरीसारखं. रिंगण नाहीच आहे ते! आख्ख्या ग्राउंडवर आडवी रेघ आहे. लांब कडेला उभा असलेला विंगरसुद्धा त्या रेघेच्या पुढे असेल तर त्याने मागे फिरायचं. फरक एवढाच की असे दोन-चार जण सापडले तर शिक्षा बॉलच्या सगळ्यात जवळच्या माणसाच्या नावावर. म्हणजे त्या दिवशी माझ्या नावावर, सर वाचले.

मी दोन वर्षं पोरांना रिंगण शिकवत होतो. हे लिहिताना लाज वाटते पण रिव्ह्यू आहे म्हणून खरं लिहितो, अठराशेतले हजार रुपये त्या काथ्याच्या दोरानेच वसूल झाले.

मग त्यांनी तोच खेळ उलटा केला. मला दोराच्या मागे ढकललं, म्हणजे बॉलपासून साधारण पंधरा मीटर, पण किकरच्या पुढेच. परत किक, परत त्या मुलीने हात वर केले, परत सटकला (बिचारीचा हात तोपर्यंत लाल झाला होता), शिट्टी. आता मी? घाबरत म्हटलं ऑफसाइड. तर म्हणे नाही, आता तुम्ही मोकळे. कारण १० मीटरच्या बाहेर असलेल्या माणसाला समोरचा मोकळा करू शकतो, त्याने बॉल किक केला किंवा मुद्दाम हात लावला पण बॉल ताब्यात आला नाही तर. मुद्दाम हा शब्द महत्त्वाचा. तिसऱ्या वेळी त्यांनी त्या मुलीला पाठ करून उभं केलं, बॉल तिच्या खांद्याला आपटून पडला, मी तिथेच पंधरा मीटरवर, आणि आता मी परत ऑफसाइड. कारण तिने खेळलाच नाही बॉल, बॉल तिला लागला. सेम माणूस, सेम जागा, सेम बॉल.

फुटबॉलवाल्यांना हे लगेच पटेल कारण आपल्याकडेही हीच डोकेदुखी आहे. १० ऑक्टोबर २०२१ ची नेशन्स लीगची फायनल आठवा, फ्रान्स-स्पेन, एम्बाप्पे ऑफसाइड जागेवर, मधे स्पेनच्या एरिक गार्सियाचा बॉल अडवताना निसटता टच, आणि गोल दिला, फ्रान्स २-१. आमच्या गावच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी त्यावरून हातघाईवर आले होते लोक. पुढे २०२२ मध्ये फुटबॉलच्या नियमवाल्यांना डेलिबरेट प्ले म्हणजे नक्की काय ते परत बसून समजावून सांगावं लागलं. मी हे मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, सर, फक्त १० मीटरची रेघ तुमच्याकडे नाही, नाहीतर तोच आजार.

यानंतर चार्ज डाउन. हे मला आधी वेगळं काही आहे हेच माहीत नव्हतं. किकरच्या बुटातून बॉल सुटताक्षणी समोरचा हात पसरून उडी मारतो आणि बॉल अडवतो, तो चार्ज डाउन. मला अडवणारा केलं. पहिल्यांदा मी डोळे मिटले, दुसऱ्यांदा हात उशिरा, तिसऱ्यांदा बॉल तळव्यावर असा काही बसला की संध्याकाळपर्यंत चहाचा कप धरवेना. बॉल उडून किकरच्याच एका पुढे असलेल्या माणसाकडे गेला, मी ओरडलो ऑफसाइड, मॅडम म्हणाल्या, प्ले ऑन. इथे १० मीटरवालं काहीच लागू नाही. अडवणारा बॉल झेलायला खाली थांबलेला नसतो, तो बॉलच्या तोंडावर गेलेला असतो, त्यामुळे त्याच्या हाताला लागलं की किकरची पुढची माणसं मोकळी. आणि तुमच्या तळव्याला लागून बॉल पुढे गेला तरी तो नॉक-ऑन (हाताला लागून बॉल पुढे सांडण्याची चूक) धरत नाहीत, खेळ चालू. म्हणजे बॉल अडवून मी स्वतःच समोरच्या टीमला सोडवून बसलो होतो.

मधे कोणीतरी विचारलं, किक-ऑफचं काय, आमच्याकडे सेव्हन्समध्ये तेच जास्त. बरोबर प्रश्न होता कारण सेव्हन्समध्ये ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेघेपलीकडे टेकवून केलेला स्कोअर) झाली की ज्यांनी स्कोअर केला तेच परत किक-ऑफ मारतात, दर दीड-दोन मिनिटांनी हेच. तिथे बॉल मधल्या रेघेपुढच्या १० मीटरच्या रेघेपर्यंत (ही दोरावालीपेक्षा वेगळी) जायला हवा, पण त्याआधीच समोरच्याने खेळला तर खेळ चालू, तो आखूड पडला म्हणून रडायचं नाही. हे पाच मिनिटांत उरकलं, मला वाटतं यावर अजून अर्धा तास हवा होता, कारण आम्हाला शाळेत लागणारं तेच.

सकाळचं सेशन साडेनऊला संपलं तेव्हा ऊन चढलेलं, दोर गुंडाळताना बघितलं तर त्याच्या खाली वाळूत सरळ खाच पडलेली, जोगिंगला आलेले एक आजोबा त्या खाचेवर थांबून विचारतात, कितें, पायप घालतात?

नाश्ता हॉलवर, सांतिनेजला. भाजी-पाव आणि मिरची भजी, पाव पोदेराकडचे, सकाळचे, मऊ, भाजी पातळ पण चव छान. चहा मात्र असा की त्यात पोहायला हरकत नाही. दुपारी शीत-कडी आणि तळलेला बांगडा, शाकाहारी लोकांना डाळ आणि गार झालेली भेंडी, त्यांनी कुरकुर केली आणि बरोबर केली.

आता हॉलमधलं सेशन, म्हणजे तक्रारी. एसी एक चालू एक बंद, प्रोजेक्टरचा रंग असा की सगळे खेळाडू पिवळे, दोन टीम कुठल्या हे विचारून घ्यावं लागायचं. तरी व्हिडिओ निवडले होते मस्त. पहिला १८ ऑक्टोबर २०१५, ट्विकेनहॅम, वर्ल्ड कप क्वार्टर फायनल, स्कॉटलंड-ऑस्ट्रेलिया. पाऊस, शेवटची दोन मिनिटं, स्कॉटलंड ३४-३२ ने पुढे. लाइनआउट (बाहेर गेलेला बॉल दोन रांगांमध्ये फेकून आत आणतात तो) स्कॉटलंडचा पण थ्रो लांब गेला, बॉल त्यांच्याच माणसाला लागून पुढे आला आणि पुढे असलेल्या जॉन वेल्शने तो पकडला. रेफरी क्रेग जूबेरने ऑफसाइड म्हणून पेनल्टी दिली, ऑस्ट्रेलियाच्या बर्नार्ड फोलीने ती मारली, ३५-३४, स्कॉटलंड घरी. मॅडमनी व्हिडिओ मागे नेला, थांबवला, परत मागे नेला, आणि बॉल वेल्शकडे यायच्या आधीची ती अर्ध्या सेकंदाची फ्रेम दाखवली, ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सचा हात बॉलला लागतोय, आणि नुसता लागत नाहीये, तो हात बॉलसाठी गेलाय. हॉलमध्ये एकदम शांतता. सकाळी वाळूवर मी जे दोनदा चुकलो तेच इथे ऐंशी हजार लोकांसमोर. किक नव्हती, म्हणून १० मीटरचा प्रश्न नाही, राहिला फक्त मुद्दामचा, आणि टच मुद्दामच होता, म्हणजे वेल्श मोकळा, म्हणजे पेनल्टी नाही, नॉक-ऑनचा स्क्रम (दोन्ही टीम खांद्याला खांदा भिडवून ढकलतात आणि खेळ परत सुरू होतो तो) ऑस्ट्रेलियाला. रग्बीची जागतिक संघटना वर्ल्ड रग्बीने दुसऱ्या दिवशी हेच कबूल केलं, स्क्रम द्यायला हवा होता म्हणून. आणि तेव्हाच्या नियमांत अशा गोष्टीसाठी टीएमओला, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या रेफरीला, विचारायची परवानगीच नव्हती, त्यामुळे जूबेरची मला थोडी दयाच आली. मॅच संपताच तो धावत आत गेला यावरून त्याला जगाने धुतलं, पण गावची मॅच संपवून मीही कितीदा स्कूटर आधीच चालू करून ठेवलेली आहे.

दुसरा व्हिडिओ ८ जुलै २०१७, ऑकलंडचं ईडन पार्क, न्यूझीलंड आणि ब्रिटिश-आयरिश लायन्सची तिसरी टेस्ट, १५-१५, शेवटची मिनिटं. न्यूझीलंडची किक-ऑफ, लायन्सचा लियम विल्यम्स हवेत बॉलसाठी, त्याला लागून बॉल पुढे, आणि पुढे असलेल्या केन ओवेन्सने तो घेतला आणि चटका बसल्यासारखा सोडला. रेफरी रोमाँ प्वातने आधी पेनल्टी दिली, मग टीएमओ, मग चर्चा, मग म्हणे अपघाती ऑफसाइड, स्क्रम. मॅच बरोबरीत, सिरीज बरोबरीत. इथे हात लावणारा आपलाच माणूस, म्हणून मोकळं होण्याचा प्रश्नच नाही, प्रश्न एवढाच की ओवेन्सला बॉल चुकवता आला असता की नाही. यावर हॉलमध्ये अर्धा तास भांडण झालं. मी पेनल्टीवाल्यांमध्ये, त्याने हात पुढे केले होते, पकडला होता, नंतर सोडला म्हणून काय झालं, चोराने पाकीट परत ठेवलं तर ते अपघाताने खिशात आलं होतं असं म्हणायचं का? मडगांवचे सर स्क्रमवाले. मॅडमनी शेवटपर्यंत स्वतःचं मत सांगितलं नाही, मला ते आवडलं नाही, पैसे दिलेत तर एक उत्तर द्या की.

आणि आता झेरॉक्स. दहा पानांचं हँडआउट दिलं, स्पायरल बायंडिंग, वर छान फोटो. पान ६ वर छापलेलं की समोरच्याने बॉल पकडून ५ मीटर धावला किंवा पास दिला की किक करणाऱ्यांची पुढची माणसं ऑनसाइड होतात. हे जुनं आहे! १ जुलै २०२४ पासून किकच्या बाबतीत हे काढून टाकलं. आधी काय व्हायचं, फ्रान्सच्या आंत्वान द्युपाँच्या नावाने ओळखली जायची ती पळवाट, दोन्ही टीम एकमेकांना लांब लांब किक मारत बसायच्या आणि मधली वीसेक माणसं (मोठ्या रग्बीत पंधरा-पंधरा जण असतात) बसस्टॉपवर कदंबाची वाट बघितल्यासारखी जागच्या जागी उभी, कारण मागे यायची गरजच नाही, समोरचा ५ मीटर धावला की आपण आपोआप मोकळे. २०२४ च्या सिक्स नेशन्समध्ये, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेत, लोक याला इतके कंटाळले की नियम बदलला, आता उभं राहून चालत नाही, मागे यायला लागतं. हे मला माहीत कारण भाच्याने तेवढं एक नीट सांगितलं होतं. मी हात वर करून आयोजकांना म्हटलं, दादा, पान ६ जुनं आहे. तर ते म्हणतात, सर, बेसिक तेच आहे, तुम्ही जास्त खोलात जाऊ नका.

अहो, खोलात जायलाच अठराशे घेतलेत ना? मॅडमना विचारलं तर त्यांनी कपाळाला हात लावला, त्यांनी नवीन फाइल पाठवली होती, छापणाऱ्याला जुनी दिली गेली. त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना पेनने पान ६ वरच्या दोन ओळी खोडायला लावल्या. माझ्या शेजारच्या पोराकडे पेन नव्हतं. त्याच्या शाळेत आता काय शिकवलं जाणार देव जाणे.

रविवारी परत बीच, पण आयोजकांनी चहाला उशीर केला, सुरू व्हायला आठ वाजले, तोपर्यंत भरती लागलेली. पहिल्या अर्ध्या तासात दोर दोनदा पाण्याखाली गेला, १० मीटर मोजायचे आणि लाट यायची, शेवटी वरच्या भुसभुशीत वाळूत गेलो आणि तिथे धावताना आमच्या वयाच्या लोकांची जी अवस्था झाली ती न सांगितलेली बरी. त्या दिवशी आम्हाला आळीपाळीने शिट्टी दिली. इथे मॅडमनी एक गोष्ट शिकवली जी कुठल्या पानावर नव्हती, किक झाली की बॉलकडे बघू नका. पहिली नजर किकरच्या पुढे कोण आहे त्यावर, ते मागे फिरतायत की उभे आहेत, आणि तोंडाने ओरडा, मागे या, मागे या, मग बॉल. ज्याला ओरडून सांगितलंय तो सहसा थांबतो आणि शिट्टीची वेळच येत नाही. फुटबॉलमध्ये असं ओरडलात तर तुम्हाला वेड्यात काढतील, इथे रेफरीचं ते कामच. मडगांवच्या सरांना मराठी-इंग्लिश काही सुचेना, ते आपले कोकणीत "फाटीं! फाटीं सरात मरे!", म्हणजे मागे सरा, करत सुटले, आणि खरं सांगतो, दोन दिवसांत सगळ्यात जास्त त्याचंच ऐकलं लोकांनी.

पार्किंग रविवारी मिरामारला मिळत नाही हे सांगायला नको, बसने या. टॉवेल आणि जुने बूट आणा, चांगले शूज वाळूत वाया जातात. मुलींसाठी कपडे बदलायची सोय नव्हती, हे पुढच्या वेळी झालंच पाहिजे. फी जास्त वाटत असेल तर चौकशी करून बघा, एका सरांनी फक्त सकाळच्या सेशनचे हजार देऊन काम भागवलं आणि तोच सगळ्यात हुशार निघाला. माझे एकूण ५ पैकी साडेतीन. मॅडम, दोर आणि भाजी-पाव यांचे पूर्ण, बाकी ज्याचं त्याने समजून घ्यावं.

सुट्टी संपल्यावर शाळेत मी नारळाचा दोर नेला. पोरं आता किक झाली की माझ्याआधी स्वतःच फाटीं फाटीं ओरडतात, समोरच्या टीमलासुद्धा, ते बंद कसं करायचं ते कोणाला माहीत असेल तर सांगा.

आणि सर्टिफिकेट. तीन आठवड्यांनी कुरिअरने आलं, जाड कागद, सोनेरी बॉर्डर, खाली दोन सह्या, आणि वर मोठ्या अक्षरात "रबी नियम कार्यशाळा". ग खाल्ला. मी तसंच हेडसरांच्या टेबलावर ठेवलं सर्व्हिस बुकात नोंद करायला, त्यांनी चष्मा वर केला, दोनदा वाचलं आणि विचारलं, सर, सुट्टीत शेतकी खात्याकडे गेला होता का, यंदा काय पेरलंत?